आक्काने भरलेली बाटली

पाण्याचा नमुना आपल्या माणसाने, आपल्या हाताने, विहिरीवर जाऊन भरायचा. हा नियम मीच केला होता. तो मोडला म्हणून मी हाताखालच्या कितीजणांना झापलंय. मुळात मी तापट माणूस.

कंपनीतली इंजिनिअरची नोकरी सोडून मी सांगलीच्या विश्रामबागेत गावांना शुद्ध पाणी देणारी संस्था काढली. पुढे दुसरी काढली, व्यापाऱ्यांना सचोटीचा धंदा शिकवणारी. ‘गिऱ्हाइकापासून काही लपवू नका’ हे माझं पालुपद. लोक टाळ्या वाजवायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी रहिमतपूरकडची गावं घेतली होती. त्यात माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं गाव होतं. मला सांगलीत व्याख्यान होतं, म्हणून ड्रायव्हरबरोबर बाटली पाठवली आणि आक्काला फोन केला, विहिरीचं पाणी भरून दे. घरचंच माणूस, तिथं कसला नियम. रिपोर्ट चांगला आला. मी गाव यादीतून काढलं आणि पाण्यात औषध सोडायचं यंत्र पुढच्या गावाला दिलं.

पावसाळ्यात आक्काची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि गावात कावीळ पसरली. साताऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शर्थ केली. आधी बाळ गेलं, मग ती. लहानपणी ती माझ्या खांद्यावर बसून जत्रेला यायची. याहून जास्त मला लिहवत नाही.

सरकारी तपासणीत विहीर खराब निघाली. मी आमच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना फोनवर वाट्टेल ते बोललो. यंत्र त्याच आठवड्यात बसवलं, पण आता त्याचा काय उपयोग. तेराव्यानंतर आक्काकडे गेलो. तिने पाण्याचा तांब्या समोर ठेवला. मी सहज विचारलं, बाटली विहिरीवरच भरलीस ना?

“हिरीचं गढूळ पानी तुज्या हापिसात कसं रं पाठवू? सायबाच्या भनीकडं असलं पानी, म्हनली असती मानसं. पलीकडच्या बंगल्यातनं मशीनीचं आनून भरलं.”

पाहुण्याला चांगलंच द्यायचं, हे आम्हाला आईने शिकवलेलं. आक्काने तेच केलं होतं.

मग तिनेच विचारलं, “लोक म्हनत्यात, पान्यानं गेली. पर तुज्या रिपोटात तर चांगलं आलतं न्हवं? मग कसं रं?”

जन्मभर लोकांना खरं बोला म्हणून सांगत फिरलो. तिच्या तोंडाकडे बघून मला ते जमलं नाही.

“रिपोर्ट चुकला, आक्का,” मी म्हणालो. “आमचं तपासायचं मशीन बिघडलं होतं. माझी चूक.”

ती उठली, माझ्यासमोरचा तांब्या उचलला आणि आत घेऊन गेली. मी तहानलेलाच उठलो.

चूक माझीच होती, त्यात खोटं काही नाही. फक्त मशीन बिघडलेलं नव्हतं. आक्काला वाचता येत नाही, म्हणून हे इथे लिहितोय. कुणी तिला वाचून दाखवू नका.

भाऊबीजेला मी अजून जातो. ती दार उघडत नाही. मी ओट्यावर थोडा वेळ बसतो आणि सांगलीला परत येतो.