तीन नंबरला मामांचा फेटा

रिमोटवर तीन नंबर दाबला आणि टीव्हीवर मामांच्या फेट्याऐवजी जिलेबीची परात आली.

आम्ही पारनेरला मामांच्या घरी बसलो होतो. तिसगावच्या भाऊसाहेबांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचं एडिटिंग माझं. मामा म्हणजे नवरीचे मामा, भाऊसाहेबांचे मेहुणे. लग्नात पुढाऱ्याचं भाषण आधी झालं आणि मामांना फेटा नंतर बांधला, म्हणून ते रुसले. अन्नाला शिवलो नाही, तसाच उपाशी घरी आलो, असं सगळ्या भावकीत सांगत होते. आता धाकटीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि मामा म्हणत होते, येणार नाही. मंगलाष्टकांना नवरीच्या पाठीशी मामा नाही, म्हणजे भाऊसाहेबांची गावभर शोभा.

समजूत काढायला म्हणून त्यांनी डीव्हीडी करून मागितली. हल्ली डीव्हीडी कोणी विचारत नाही, पण मामांकडे प्लेअर होता. नंबर दाबला की थेट मामांचा फेटा दिसला पाहिजे, एवढंच भाऊसाहेबांचं म्हणणं.

काम सोपं असतं. कॉम्प्युटरवर अख्खी फिल्म पट्टीसारखी आडवी पसरते, ती टाइमलाइन. तिच्यावर हवी तिथे खूण करायची, तो मार्कर. जिथे मार्कर, तिथून डीव्हीडीचा चॅप्टर सुरू होतो. फेट्याच्या पहिल्या वेढ्याला मी तिसरा मार्कर लावला आणि डीव्हीडी बनवायला घेणार, इतक्यात भाऊसाहेबांचा फोन.

"ते भाषन काढून टाका. ते बघून मामा परत पेटायचे."

मी भाषण कापलं. त्याच्या पुढचं सगळं अलीकडे सरकलं. मार्कर मात्र होते तिथेच राहिले. पहिले दोन चॅप्टर भाषणाच्या आधीचे, ते बरोबर लागले म्हणून मी खूश. भाषण किती लांबलं होतं म्हणाल, तर तिसरा चॅप्टर फेटा आणि मंगलाष्टका ओलांडून थेट पंगतीत उतरला.

तर टीव्हीवर परात बाजूला झाली आणि मागे मामा दिसले. डोक्यावर फेटा, गालात जिलेबी. वाढप्याला तोंडाने नको म्हणत होते, पण ताटावर हात काही आडवा येत नव्हता. भाऊसाहेब रिमोट शोधू लागले. तो मामींच्या हातात होता.

मामी शांतपणे म्हणाल्या, "अन् घरी आल्यावर मला भाकरी थापाया लावल्या."

मामा घसा साफ करून म्हणाले, "दाजी, धाकटीच्या लग्नाला आचारी ह्योच हाय का?"

"ह्योच हाय."

"मग येतो."

मामा आले. त्यांना फेटा भाषणाच्या आधी बांधला.

तेव्हापासून माझा नियम आहे, कापाकापी आधी, मार्कर शेवटी. चॅप्टर दुरुस्त करून मी नवी डीव्हीडीही पारनेरला पाठवली होती. मामींनी ती न बघताच परत पाठवली.