नटी रंगात आली तेव्हा

सासूबाईंना सौदीत आमच्याकडे यान्बूला येऊन महिना झाला, तरी आम्हा दोघींचं बोलणं "भाजी कुठली करू" आणि "तुम्ही बसा हो" यापुढे सरकत नव्हतं. नवरा रिफायनरीत शिफ्टला, लेक शाळेत. दुपार खायला उठायची. एकदा टीव्हीवर हॉलिवूडचा जुना काळा-पांढरा सिनेमा लागला. मी बदलायला गेले तर त्या म्हणाल्या, "राहू दे गं. बाई बघण्यासारखी आहे."

झालं. त्या नटीचे सिनेमे आम्ही पहिल्यापासून रांगेनं बघायला घेतले. बोलणं इंग्रजी, खाली अरबी अक्षरं आणि मध्ये माझं मराठी. पहिल्या सिनेमात ती चहाचा ट्रे घेऊन येते आणि जाते, एवढंच काम. पुढे नायिका झाली. चाळिशी आली तशी नायकाची वहिनी, मग चक्क आई. "कालपर्यंत ज्याच्या गळ्यात पडत होती, त्याचीच आई? काय बाई हे लोक," म्हणून सासूबाई अख्खी संध्याकाळ धुसफुसत होत्या. मग सिनेमेच संपले. घरी बसवलं होतं तिला.

इतक्यात संक्रांत आली. आमच्या घरी हळदीकुंकू शुक्रवारी ठरलं, जुम्म्याच्या नमाजानंतर, म्हणजे सगळ्यांच्या नवऱ्यांना सुट्टी, बायकांना गाडीनं सोडायची सोय. सासरे गेल्यापासून सासूबाई हळदीकुंकवाला आत जाऊन बसायच्या. मला ते बघवत नव्हतं. या वेळी तुम्हाला कुंकू लावणारच, असं मी सांगून टाकलं.

"तुझं आपलं काहीतरीच. बायका काय म्हणतील?" त्या म्हणाल्या. खलास. मला रडू आलं आणि रागही आला, पण कुणाचा ते कळेना.

आदल्या दुपारी टीव्हीसमोर परात घेऊन तिळाचे लाडू वळत होतो. शोधता शोधता त्या नटीचा आणखी एक सिनेमा सापडला. कितीतरी वर्षांनी ती परत आली होती, आणि रंगीत सिनेमात. आम्ही तिला रंगात कधी पाहिलंच नव्हतं. केस पांढरेशुभ्र, हातात काठी, ओठांना लालभडक लिपस्टिक. सासूबाईंचा हात थांबला.

"हिचा नवरा?"

"सिनेमातला ना? गेलाय."

"आणि खरा?"

"तोही केव्हाच गेला."

"आणि हिला कुणी काही म्हटलं नाही?"

"म्हटलंही असेल. पण आली ना ती."

त्यांनी परात जवळ ओढली. पाक कडक व्हायला लागला होता, म्हणून उरलेले लाडू भराभर वळले.

शुक्रवारी बायका आल्या आणि सासूबाई न सांगता आत गेल्या, दार लोटून घेतलं. मी कुंकू लावत होते, दोन-दोन रियालच्या स्वस्त दुकानातले डबे वाण म्हणून देत होते, पण जीव सगळा त्या दाराशी. शेवटची बाई उरली तेव्हा दार उघडलं. ठेवणीतली अंजिरी साडी नेसून सासूबाई बाहेर आल्या, अगदी टोकाला बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी राहिलेय."

मी करंडा घेऊन त्यांच्यापुढे वाकले. घाईत चिमूट मोठी झाली आणि कुंकू त्यांच्या नाकावर सांडलं. मी पदरानं टिपायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"पुसू नकोस गं," त्या म्हणाल्या, "एकदा पुसून झालंय."