बटणकाकांच्या सहा ओळी

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे बटणकाका म्हणत. सतरा वर्षं तिथले कॉम्प्युटर तेच सांभाळत होते. आकडे नोंदवणारा प्रोग्राम दुपार झाली की बसकण मारायचा. मग काकांनी जिने चढत-उतरत चारही कॉम्प्युटरवर तो बंद करायचा, जरा थांबायचं, पुन्हा चालू करायचा. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, त्या मशीनलाच का नाही सांगत स्वतःचं स्वतः करायला?"

मग काकांनी बॅच फाइल लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरने आपोआप पाळायच्या हुकुमांची यादी. सहा ओळींची. रोज दीडला, सगळे डबा खायला गेले की, प्रोग्राम बंद कर, दहा सेकंद थांब, चालू कर. पहिल्याच दिवशी घोडं अडलं. बंद होण्याआधी प्रोग्राम विचारायचा, 'नोंदी जतन करायच्या का?' आणि उत्तर द्यायला कोणी नसलं की तसाच ताटकळायचा. काकांनी त्या ओळीत सक्तीचा शब्द घातला. आता विचारणं नाही नि थांबणं नाही. चार महिने सगळं बिनबोभाट चाललं.

त्या मंगळवारी रक्ताच्या नळ्या उशिरा आल्या म्हणून तपासणी करणारी ताई डब्याला उठलीच नाही. दीडला स्क्रीन मिटली, उघडली. तिला वाटलं, याचं नेहमीचंच रडगाणं. पण तिने नुकतीच भरलेली दोन नावं पुसली गेली होती, आणि रक्त तपासणाऱ्या यंत्राचे आकडे तर ओळीने येतच होते. तिथून पुढे प्रत्येक आकडा दोन नावं सोडून भलत्याच्याच पदरात पडला.

साडेचारला ताईच्या लक्षात आलं. बाकीचे रिपोर्टचे कागद टेबलावरच होते. एक मात्र गेला होता, मागच्या गल्लीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईंचा. कागदावर साखर चारशे बारा. खरी चौसष्ट.

"इन्शुलिन घेतात हो त्या," ताई म्हणाली. "हा आकडा बघून डोस वाढवला म्हणजे? फोन तर बंदच लागतोय. कागदावर सही माझी आहे, काका."

"सही तुझी, ओळी माझ्या. तू आपल्या डॉक्टरांना सांग. मी निघालो."

गुडघ्यांची पर्वा न करता काका बाईंच्या शिवणाच्या दुकानात पोचले. शिवणयंत्र थांबलेलं होतं. बाई स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर अर्धवट शिवलेली बाही.

"इंजेक्शन घेतलंत?"

"घेतलं की. आकडा बघून घाबरलेच मी. दोन युनिट जास्तच घेतलं. वीस मिनिटं झाली असतील. का हो?"

"साखर कुठंय?"

"चहाच्या डब्याशेजारी. पण तुम्ही कोण?"

काकांनी पाण्यात चार चमचे साखर ढवळली आणि पेला त्यांच्या तोंडाशी धरला. तेवढ्यात ताईचा फोन आला. डॉक्टर गाडी घेऊन निघाले होते, तोवर बाईंना बोलतं ठेवायचं होतं.

"तो आकडा तुमचा नव्हता," काका म्हणाले. "तुमची साखर आधीच कमी होती. चूक माझी आहे, बाई."

बाईंनी पेला हातात घेऊन दोन घोट घेतले. कपाळावर घाम होता. पेला कलंडू लागला, तसा काकांनी तो खालून धरला.

"मला बघायला इथं दुसरं कोणी नाही," त्या म्हणाल्या. "आता उठू नका."

काका जमिनीवरच बसले. "ही बाही कुणाची?" त्यांनी विचारलं. बाई सांगू लागल्या, मध्येच थांबल्या. काकांनी पुन्हा विचारलं.