माझ्या वाट्याची बोलणी

सिहोऱ्याहून निघाले त्या दिवशी माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दारात गाडी उभी, मुलगा सामान चढवतोय, शेजारच्या बाया पदरानं डोळे पुसताहेत, आणि मी आपली बोळक्या तोंडानं हसतेय. "आता पुण्याले नुसती बसून खाईन, चमचाबी उचलणार नाही," असं साऱ्यांना ऐकवून गाडीत बसले.

रडायचा माझा कोटा लग्नातच संपला असावा. माहेर बपेरा, सासर सिहोरा. सकाळी बंडी जुंपली तर जेवायला परत येता येईल, एवढंच अंतर. पण तेव्हाची मी, ती येडी पोरगी, असा गळा काढून रडली की बैल बिचकले. बंडीमागं चालणारे बाबा शेवटी वैतागले, "चूप बस वं, विलायतेले नाही चालली!" त्या पोरीला आज पुण्याच्या अकराव्या मजल्यावर आणून बसवावं आणि म्हणावं, रड आता, आता कारण आहे.

इथं मला कुणी वाईट वागवत नाही. तीच तर पंचाईत आहे. भाजी निवडायला घेतली की सूनबाई म्हणते, "आई, निवडलेलीच येते ऑनलाइन. तुम्ही बसा." पाहुणे येतात आणि माझ्यासमोर मुलाला विचारतात, "आजींना साखर चालते का?" माझं तोंड तिथंच असतं, चेहऱ्याला चिकटलेलं.

मागच्या भादव्यात एका सकाळी लिफ्टनं खाली उतरले. सोसायटीच्या फाटकाजवळच्या वाफ्यात हिरवंगार गवत, आणि मधेमधे उंच, तांबूस लोंब्यांचे झुबके. आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, करगा माजतो, तो अगदी असाच. दिसतो धानासारखा, पण दाणा पिकायच्या आतच गळून जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधीभर उगवतो. दिसला की उपटायचा, हे हाताला सांगावं लागत नाही. पदर खोचला, खाली बसले आणि सारा वाफा निंदून काढला. इतकं बरं मला पुण्यात कधी वाटलं नव्हतं.

तो करगा नव्हता. शोभेचं, नर्सरीतून आणलेलं महागाचं गवत होतं.

संध्याकाळी सेक्रेटरी दारात. मी सोफ्यावर, त्याच्यापासून दोन हातांच्या अंतरावर. मुलगा म्हणाला, "सॉरी हो. आईचं वय झालंय, लक्षात राहत नाही तिच्या." अरे, लक्षात होतं म्हणून तर उपटलं! मी उठले. म्हटलं, "चूक माही आहे. बोलाचं असन तं मले बोला." सेक्रेटरी कसनुसं हसले आणि मुलालाच म्हणाले, "आजींना सांगा, टेन्शन घेऊ नका." दुसऱ्या दिवसापासून मी खाली जाताना कुणीतरी सोबत येऊ लागलं.

सिहोऱ्याला मोठ्या जाऊबाई आहेत, ऐंशीच्या पुढच्या. त्यांना फोन करून सगळं सांगितलं. ऐकून त्या अशा कडाडल्या की फोन कानापासून दूर धरावा लागला. "काहून वं, डोये फुटले होते का तुहे? लोकाच्या वाफ्यात हात कायले घातला? जलम गेला बांधीत, अन् करगा नाही ओयखता येत? सिहोऱ्याचं नाक कापलं तू!"

मी म्हटलं, "बाई, आणखी बोला." आणि त्या बंडीतल्या पोरीसारखी रडले.

तिकडच्या बायांनो, तुम्ही फोन करता, "बरी आहेस ना, जप" म्हणता आणि ठेवता. असलं गोड बोलणारी माणसं इथं घरभर आहेत. आणि आपल्या आईबापांना शहरात नेलेल्यांनो, त्यांच्या वाट्याची बोलणी तुम्ही खाऊ नका. ती त्यांची आहेत.

जाऊबाईंना हल्ली बोलताना दम लागतो. मधेच थांबतात, खोकतात, मग परत सुरू होतात. त्या थांबल्या की मी श्वास धरून बसते. पलीकडून "अन् आयक, अक्कलशून्य बाई" असं आलं की वाटतं, आहे, माझं घर अजून आहे.