शिफारसपत्रातला घरचा माणूस

शिफारसपत्र न वाचताच मी ते देवापुढे ठेवलं. वर पेढे घेऊन सरांच्या पाया पडून आलो.

पाकीट बंदच ठेवायची पद्धत असते, असं सर म्हणाले होते. पण जर्मनीच्या विद्यापीठाला पत्र स्कॅन करून पाठवायचं होतं, म्हणून ग्वाल्हेरच्या दौलतगंजात झेरॉक्सच्या दुकानात पाकीट फोडलं. दुकानदारानं कागद मशीनवर ठेवता ठेवता वाचला आणि विचारलं, "भैया, बाहर किसके घर काम करने जा रहे हो?"

मी हसलो. मग वाचलं.

पाच वर्षं आमच्या घरी आहे. प्रामाणिक. आज्ञाधारक. काम दोनदा सांगावं लागत नाही. एमएस्सीला मी किल्ल्याच्या भिंतींवरच्या दगडफुलांवर प्रकल्प केला होता, सरांच्याच हाताखाली. दोन उन्हाळे भिंतीला नाक लावून. त्याची एक ओळ नाही. शेवटी मात्र होतं, की याचे पूर्वजही आमच्या पूर्वजांच्या तैनातीत होते.

होते. त्यांचे दरबारात बसायचे, आमचे बाहेर देवडीवर भाला धरून. पण ते जर्मनीला कशाला कळवायचं?

सर मला 'घरचाच' म्हणायचे. त्यांचा सिलिंडर मी आणायचो, काकूंना डॉक्टरकडे मी न्यायचो. पाहुण्यांना चहा बैठकीत, मला स्वयंपाकघरात, उभ्यानं. मी गाढव. मला वाटायचं, केवढी ही जवळीक. आईला रुबाबात सांगायचोसुद्धा.

पत्र घेऊन माधवगंजला त्यांच्या घरी गेलो. रस्ताभर भाषण पाठ केलं. समोर उभा राहिलो आणि तोंडातून निघालं, "सर, मी पाच वर्षं खूप चेष्टा केली."

आमची ग्वाल्हेरची मराठी ही अशी. प्रयत्न म्हणायचं होतं, हिंदीतली चेष्टा आडवी आली.

सरांनी सवयीनं दुरुस्त केलं. "प्रयत्न म्हण. चेष्टा म्हणजे थट्टा."

"मग शब्द बरोबर आहे," मी म्हटलं. "करणारा तेवढा मी नव्हतो."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच. "अरे, पण त्यात खोटं काय लिहिलंय?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. तेच जास्त लागलं. पत्र टेबलावर ठेवलं. सांगितलं, हे नको. जाईन तर विद्यार्थी म्हणून जाईन, नाहीतर जाणार नाही.

मुदत दोन दिवसांवर. सरांच्या कामांपायी ज्यांचे तास मी बुडवले होते, त्या मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं. वाईट लिहा, पण माझ्या अभ्यासाबद्दल लिहा, म्हटलं. त्यांनी प्रकल्पाची वही मागून घेतली, शेवटच्या पानापर्यंत वाचली. मी उभा.

"लिहिते," त्या म्हणाल्या. "काम चांगलं आहे. पण हुशार आहे असं लिहिणार नाही. हुशार मुलाला हे पहिल्याच वर्षी कळलं असतं."