दोन लांब, एक आखूड

पोर्तुगालातल्या आमच्या ओल्यांव बंदरात तारलीचे डबे भरणारे सात कारखाने होते, तेव्हा भोंगेही सात होते. आमचा दोन लांब, एक आखूड. होड्या धक्क्याला लागल्या की तो वाजायचा आणि हातातलं टाकून आम्ही बाया पळत सुटायचो. माझी थोरली कधी जन्मली विचारा, मी तारीख नाही सांगणार. ती त्या दिवशीच्या दुसऱ्या भोंग्याची.

भोंग्याची दोरी ओढायचा मान एतेल्विनामावशीचा, आमच्या मुकादमिणीचा. एकतीस वर्षं झाली. बाई बुटकी, आवाज खणखणीत, आणि आपलंही चुकू शकतं हे तिच्या गावीच नाही. मला तिचा कैकदा राग आला, पण चुकलेली मात्र ती कधी सापडली नाही.

मग लिस्बनहून दुआर्त नावाचा नवा मॅनेजर आला. आल्या आल्या म्हणाला, "भोंगा बंद. शुक्रवारी भंगारवाला घेऊन जाईल. यापुढे फोनवर निरोप येईल."

"भोंगा उतरला तर मीपण घरी बसले म्हणून समजा," मावशी म्हणाली. "पण आधी पारखून तर घ्या, साहेब. गुरुवारी तुमचा निरोप, शुक्रवारी माझा भोंगा. तुमचा सरस ठरला तर पाना घेऊन मीच छपरावर चढते आणि भोंगा उतरवते."

दुआर्त हसला. कबूल म्हणाला.

गुरुवारी अकराला होड्या लागल्या. लगेच फोनवर निरोप आला: मासा आला आहे, पावणेबाराला हजर राहावे. खोटं कशाला बोलू, मी भांडी घासली, कॉफी प्याले, रमतगमत निघाले. फाटकाशी तीन मिनिटं उभीसुद्धा राहिले, कारण वेळ झाली नव्हती. पावणेबाराच्या ठोक्याला आम्ही अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जणी आत होतो.

"बघा मावशी, एकही उशिरा नाही!" दुआर्तची छाती फुगली होती.

मावशीने टोपलीतली एक तारली उचलली आणि पोटावर अंगठा दाबला. पोट फुटलं. "बाया वेळेवर आल्या हो. पण उन्हात पाऊण तास हिला थांब म्हणून कुणी निरोप धाडला होता?"

निम्मा माल टाकून द्यावा लागला. दुआर्तचा चेहरा उतरला, तरी तो हटेना. "उद्यापासून 'लगेच या' असं लिहीन."

"लिहा की. 'लगेच' म्हणजे किती वाजता, असं अठ्ठावीस जणी उलट विचारतील. अहो, भोंगा वेळ नाही सांगत. मासा आला, एवढंच सांगतो. पुढचं आमचे पाय जाणतात."

शुक्रवारी साडेनऊलाच भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी लागला. पाठोपाठ होड्या आल्या. मावशीने दोरी ओढली. मी न्हात होते, केसांत साबण तसाच ठेवून धावले. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या एर्मेलिंदाच्या एकाच पायात सपात होती. अकराव्या मिनिटाला टेबलं भरली, आणि तारल्या अजून चकचकीत होत्या.

दुआर्त घड्याळ हातात धरून डोकी मोजत होता. पुन्हा मोजली. "एकोणतीस?"

दारात देओलिंदाआजी उभी होती. वय चौऱ्याऐंशी, इथलं काम सोडून एकोणीस वर्षं झालेली. अंगात इस्त्रीचा अ‍ॅप्रन, छाती धपापत होती.

"आजी, तुम्हाला कुणी बोलावलं?" दुआर्तने विचारलं.

"म्हणजे? आपला भोंगा नव्हता का तो?" आजी घाबरली. "दोन लांब, एक आखूड. मला उशीर झाला का, साहेब?"

तारल्यांची डोकी छाटणाऱ्या आमच्या कात्र्या थांबल्या. दुआर्तने घड्याळ खिशात टाकलं.

"नाही आजी. अगदी वेळेवर आलात."

मावशीने आपलं स्टूल आजीकडे सरकवलं आणि तिच्या हातात कात्री दिली. दुआर्त बाहेर गेला आणि त्याने टेम्पो रिकामाच परत पाठवला.