मृतांच्या यादीतलं एक जास्तीचं नाव

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, औषधांची, पावसाळ्याआधी उरकायच्या कामांची, आणि गेली नऊ वर्षं आमच्या चर्चच्या मदत मंडळाची. मंडळात आम्ही सहा बायका आणि फादर. किनाऱ्यावरच्या गावांतल्या विधवा बायकांना हात द्यायचा आणि बाप किंवा आईबाप नसलेल्या मुलांना सिस्टरांच्या वसतिगृहात शाळेसाठी ठेवायचं, एवढं आमचं काम. बाई ख्रिस्ती आहे का, हे आम्ही विचारत नाही. बऱ्याच जणी नसतातच. कोणाला मासळी विकायला बर्फाची पेटी हवी असते, कोणाला शिवणयंत्र, कोणाला नुसतं तालुक्याच्या कचेरीत सोबत यायला माणूस. मी हे काम मन लावून करते. जे झालं ते हलगर्जीपणाने झालं नाही, म्हणून हे आधीच सांगितलं.

रेवदंड्याच्या एका कोळीण बाईने मुलीला वसतिगृहात घ्या म्हणून निरोप पाठवला होता. तिचा नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होता. बोट उलटली, बाकीचे परत आले, तो आला नाही. त्याचं काहीच सापडलं नाही. त्याला दीड वर्ष झालं होतं. मी घर बघायला गेले तेव्हा तिची सासू ओट्यावर सुकट निवडत बसली होती. माझ्या हातातली फाईल बघून ती म्हणाली, "या. तुमीबी आमच्या सुनेच्या बांगड्या मोजायला आलाव काय?"

सून बाहेर आली. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, कपाळाला कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. गावात त्यावरून काय काय बोललं जायचं ते मला नंतर कळलं. त्या दिवशी मी ते फक्त बघितलं. सासू नारळी पौर्णिमेला अजून मुलाच्या नावाचा वेगळा नारळ समुद्राला देत होती. दुसऱ्या कुठल्या बोटीने त्याला उचललं असेल, कुठल्या लांबच्या बंदरात उतरवलं असेल, आजारी असेल, असं दोघी धरून चालल्या होत्या. मी वाद घातला नाही. मी मुलीचं विचारलं. मुलगी नऊ वर्षांची. आई पहाटे मासळी घ्यायला जायची, सासूचे गुडघे गेलेले, त्यामुळे घर मुलीवर. अर्धं वर्ष ती शाळेत गेलेली नव्हती. वसतिगृहात एकच जागा उरली होती आणि शनिवारपर्यंत अर्ज द्यायचा होता.

अर्जावर दोनच चौकटी होत्या. विधवेचे अपत्य, किंवा अनाथ. मी तिला तसं सांगितलं.

ती म्हणाली, "काय पन लिवा, बाय. पन मेला म्हनून लिवू नका. तो मेलेला न्हाय."

मी बरं म्हटलं, तिची सही घेतली आणि घरी येऊन पहिल्या चौकटीत खूण केली. नवऱ्याच्या नावामागे 'कै.' लिहिलं. एका शब्दासाठी पोरीचं वर्ष घालवायचं का, असा माझा हिशेब होता. माझ्या पेनाने तिसरी चौकट आखता आली असती. पट्टीसुद्धा टेबलावरच होती. पण तिसरी चौकट आखली की फादरना विचारावं लागतं, मंडळात चर्चा होते, आणि मला काम हातावेगळं करायचं होतं.

मुलगी वसतिगृहात रमली. नोव्हेंबर आला. मृतांच्या मिस्साला, म्हणजे त्यांच्यासाठी चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेला, आमच्याकडे प्रत्येक घर आपल्या गेलेल्या माणसांची नावं लिहून देतं. फादर ती वाचतात आणि प्रत्येक नावाला घरातलं कोणीतरी पुढे जाऊन वेदीसमोर मेणबत्ती लावतं. काही वर्षांपूर्वी मंडळाची मदत घेणाऱ्या एका विधवेने विचारलं होतं, माझ्या धन्याचं नाव घ्याल का, तो तुमच्यातला नव्हता, पण मला ऐकायचंय. तेव्हापासून आम्ही आमच्या सगळ्या बायकांच्या नवऱ्यांची नावं त्यात घेतो, आणि मग सगळ्या एकत्र जेवतात. ती यादी मीच टाइप करते. त्या वर्षी मी मदतीच्या यादीतला 'कै.' असलेला अख्खा रकाना उचलून तिथे ठेवला. दोनदा वाचून बघितला. तरी माझ्या काही लक्षात आलं नाही.

रेवदंड्याची बाई सासूला घरी ठेवून आली होती, कारण सिस्टर वसतिगृहातल्या मुलींना घेऊन येणार होत्या आणि तिला लेक भेटणार होती. दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या. फादरांनी तिच्या नवऱ्याचं नाव वाचलं. कोणी उठलं नाही. ऐकू गेलं नसेल असं वाटून त्यांनी पुन्हा वाचलं, गावाच्या नावासकट. तेव्हा मुलगी उठली. सगळ्या मुली आपापल्या बापाच्या नावाला उठत होत्या, म्हणून तीही उठली. आईने तिचा फ्रॉक मुठीत धरला.

"फादर, ते नाव काढा," ती बसल्या जागेवरून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तो यायचा हाय."

फादरांनी माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या कागदाकडे बघितलं.

ती जेवायला थांबली नाही. मी डबा भरून घेऊन तिच्यामागे रिक्षाथांब्यापर्यंत गेले. डब्याचं काय करायचं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. तिने डबा घेतला नाही. मुलगी तिच्यापासून हातभर लांब उभी होती. आई म्हणाली, तिला वाटतंय मला म्हाईत होतं आणि मी तिच्यापासून लपवलं. मी सांगून तिला पटत न्हाय. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी सांगा. तुमी लिवलंत."

तिला डबा नको होता, माफी नको होती. मी पोरीला खरं सांगावं, एवढंच हवं होतं. मी मुलीसमोर वाकले. आणि म्हणाले, "छापताना चूक झाली गं बाळा. कम्प्युटरने एका यादीतली नावं दुसरीत टाकली."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या सहीच्या वर मी काय लिहिलं होतं, याचा अंदाज तिला तोवर आला असणार. पण ती काही बोलली नाही, कारण मुलीचा चेहरा निवळला होता. मुलीने यादी मागितली, माझं पेन घेतलं, नाव खोडलं, आणि जाऊन आईला बिलगली. रिक्षा आली. दोघी गेल्या.

पुढच्या बैठकीत मी फादरांना सगळं सांगितलं. अर्जाचंही. चर्चा लांबेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, मग लिहा ना, समुद्रात बेपत्ता. एवढंच. मुलीची जागा गेली नाही. जाणारही नव्हती. आता अर्जावर तीन चौकटी आहेत, आणि तिसरीत आजवर चार घरांची नावं आली आहेत. म्हणजे त्याआधीही असं कोणी येऊन गेलं असेल आणि मी त्यांना दोनांपैकी एका चौकटीत बसवलं असेल. जुन्या फाइली कपाटात आहेत. त्या मी अजून उघडलेल्या नाहीत.

तो आलेला नाही. तिच्या बांगड्या हातात आहेत. वर्षातून एकदा मी घरी जाते तेव्हा ती चहा करते, पोरीचे मार्क सांगते, आणि त्या दिवसाचा विषय काढत नाही. तिने मला माफ केलं की मुलीसाठी माझं खोटं सांभाळून धरलंय, हे विचारायचं मला धाडस होत नाही.

मुलगी आता सातवीत आहे. परवा सुट्टीत ती मंडळाच्या खोलीत येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि मी टाइप करत होते ते वाचू लागली. "आंटी, नीट बघून टाका हां," ती हसत म्हणाली, "तुमचा कम्प्युटर लय खोटारडा हाय."

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी हो म्हटलं, आणि पुढचं नाव टाइप केलं.